आजोबांची गंजलेली चेतक: दुरुस्त करावी की भंगारात घालावी?

तुम्ही लिहिलंय की स्कूटर १९८६ ची, आजोबांच्या नावावर, ते गेल्यापासून अकरा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने किक दाबून बघितली आणि म्हणाला, "इंजिन जाम आहे, भंगारात घाला." दुरुस्तीच्या लायकीची आहे का, असं तुम्ही विचारताय.

मिस्त्रीने नको तिथे बघितलं. चेतकचं इंजिन हे तिच्यातलं सगळ्यात सोपं प्रकरण. दोन-स्ट्रोक, एक सिलिंडर. पिस्टन, रिंगा, ऑइल सील, बेअरिंग सगळं आजही पुण्याच्या नाना पेठेत मिळतं. (फक्त दुकानात नुसतं 'चेतक' म्हणू नका, हल्ली "जुनी की बॅटरीवाली?" असा उलटा प्रश्न येतो.) बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, नवा पिस्टन टाकला की इंजिन पुन्हा धावायला लागतं. पत्र्याचं मात्र तसं नाही.

बुलेट, येझदी, राजदूत या गाड्यांना पाइपची फ्रेम असते. टाकी गंजली, मडगार्ड सडलं, तर काढून दुसरं लावता येतं. चेतकला असा वेगळा सांगाडाच नाही. पुढची ढाल, पाय ठेवायचं फ्लोअर, सीटखालचं पोट हे सगळं एकमेकांना जोडलेला पत्रा, आणि तोच सांगाडा. पुढचं चाक एका टोकाला, इंजिन दुसऱ्या टोकाला, दोघांना धरून ठेवणारं मधलं फ्लोअर. ते सडलं असेल तर वरून कितीही रंग मारा, खड्ड्यात गाडी कमरेत वाकणार. आणि पुण्यात खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणून रविवारी सकाळी एक तास काढा आणि आधी फ्लोअरवरची रबरी मॅट उचला. बहुतेक चेतका इथेच मरतात. पावसात भिजलेल्या बुटांचं पाणी मॅटखाली जातं आणि तिथेच मुरतं. आता जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोका. टणटण वाजला तर जीव आहे. फुटक्या माठासारखा बद्द वाजला तर टोकाने दाबून बघा. हाताला नुसती तांबूस पूड लागली तर तो वरवरचा गंज, पॉलिश पेपरने जातो. चिरोट्यासारखे पापुद्रे सुटायला लागले, किंवा टोक आरपार गेलं, तर तो पत्रा संपला.

ब्रेकच्या पायाजवळचा भाग, स्टँड जिथे बसवलाय ती जागा आणि फ्लोअर मागे पोटाला जिथे भिडतं तो सांधा, या तीन ठिकाणी नीट बघा. त्यासाठी स्कूटर आडवी करावी लागेल. पेट्रोल काढा, खाली गोधडी टाका आणि झोपवा. तिला त्याची सवय आहे. सकाळी स्टार्ट होईना की अख्खं पुणे तिला आडवीच करायचं. मग एक लोहचुंबक घेऊन ढालीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली थेट पत्रा नाही, जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. आजोबांच्या हयातीत कधी ठोकली असेल तर ते असं कळतं.

हे एवढं पोटतिडकीने सांगतोय कारण मी नेमकं उलटं केलं. आमची १९८३ ची, बाबांची. आम्ही सहकारनगरला, ओढ्यापासून जवळ. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मी स्कूटर वरून धुतली आणि ताडपत्री घातली, वर स्वतःची पाठही थोपटली. फ्लोअरच्या मधोमध जो पत्र्याचा पोकळ उंचवटा जातो, ज्यातून केबली जातात, त्यात बसलेला गाळ कोणी काढायचा? दोन वर्षांनी हौस आली. आधी इंजिन उघडून नवं करून घेतलं, नऊ हजार दिले. मग नुसती बॉडी टेम्पोत घालून भोसरीला सँड ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवायला, पाठवली. परत आली तेव्हा टेम्पोवाल्याने ती उन्हात उभी धरली आणि फ्लोअरमधून त्याच्या चपला दिसत होत्या, पट्ट्यांसकट. पत्र्याची पुरणाची चाळणी झाली होती.

पुढे एका गॅरेजने ती चौदा महिने ठेवली. फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केला, पण कापायच्या आधी बॉडीला आडवे-उभे आधार वेल्ड करून मापं धरून ठेवावी लागतात, ते केलं नाही. बॉडी हलली. एकूण एकसष्ट हजार गेले आणि हात सैल सोडला की स्कूटर आजही डावीकडे जाते. आईला मागे बसवून सारसबागेपर्यंत नेतो, तीही म्हणते, "सरळ चालव की रे."

याउलट मित्राची एक चेतक होती, दिसायला भिकारी. रंग उडालेला, सीट उंदरांनी खाल्लेली, टाकीत पेट्रोलचा डिंक झालेला. पण बिचारी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कोरडी उभी होती. फ्लोअर खणखणीत. तीन आठवड्यांत रस्त्यावर आली.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि ती पत्र्याइतकीच महत्त्वाची आहे. आरसी बुक घरात आहे का? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तुमची केव्हाच संपलेली असणार. आधी वारस म्हणून गाडी नावावर करायची, फॉर्म ३१. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५, गाडी आरटीओला दाखवायची, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फीच २००० रुपये झाली आहे, आणि उशिराचा दंड महिन्याच्या हिशेबाने चढतो तो वेगळा. तेव्हा मिस्त्रीला एक रुपया द्यायच्या आधी आरटीओतला आकडा काढून आणा. चॅसी नंबर पत्र्यावरच ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून बघा, सगळे आकडे उमटतात का. गंजाने नंबर खाल्ला असेल तर प्रकरण अवघड आहे. आणि रंगवणाऱ्याला बजावून सांगा की तिथे लांबी भरायची नाही.

'व्हिंटेज' नोंदणीचं स्वप्न असेल तर त्याला गाडी ५० वर्षांची लागते. तुमची २०३६ ला होईल, आणि तशी नोंदणी केलेली गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही.

माझं मत विचाराल तर फ्लोअर शाबूत आणि आरसी हातात असेल तर डोळे झाकून करा. फ्लोअर गेलंय पण कागद आहेत, तर आधी वेल्डिंगवाल्याचा दर घ्या, त्याने पूर्वी केलेली स्कूटर बघा, चालवून बघा, आणि तरीही करावंसं वाटलं तरच करा. विकून पैसे सुटतील हा हिशेब मात्र मनातून काढा. कागदही नाहीत आणि फ्लोअरही नाही, तर आजोबांची आठवण म्हणून पुढची ढाल आणि हेडलाइट भिंतीला लावा. भंगारात द्यायची वेळ आलीच तर हातगाडीवाल्याला देऊ नका, गाडी आरटीओच्या कागदावर आजोबांच्या नावाने जिवंतच राहते. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन त्याचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या.

काहीही ठरवा, मूळचा पत्रा टाकू नका. दोन्ही बाजूंच्या डिक्या, हॉर्नचं कव्हर, बिल्ला, सगळं एका पोत्यात भरून ठेवा. नवी नक्कल कधी नीट बसत नाही, आणि मूळची मिळवायला मग बुधवार-रविवार जुन्या बाजारात घासाघीस करत फिरावं लागतं.

आजच्या आज मात्र दोन कामं करा. ती ताडपत्री काढा. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि उघड्यावर झाला नसता इतका गंज तिथे होतो. दुसरं, कोणालाही किक मारू देऊ नका. कोरड्या रिंगा बोअरला ओरखडे काढतात. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस तसंच ठेवा आणि मग हाताने हळूच किक दाबून बघा. मॅट उचलल्यावर फ्लोअरचा फोटो इथेच टाका, वरून एक आणि खालून एक.