वर्गाने लेकीला ‘सर्वांत अबोल’ ठरवलंय

पत्र: ताई, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सीनिअर आहे. गेल्या आठवड्यात वर्गाने मतदान करून तिला ‘क्वायटेस्ट’ म्हणून निवडलं. मला वाटलं, शाळेचं बक्षीस असेल. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्या पिल्लूला अवॉर्ड मिळालं’ असं टाकून मोकळी झाले. पुण्याहून सासूबाईंनी पेढे वाटल्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून लेक माझ्याशी धड बोलत नाही. येत्या गुरुवारी इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक आठवणींच्या पुस्तकासाठी, फोटो काढणार आहेत. ती म्हणते, त्या दिवशी शाळेतच जाणार नाही. तिचे बाबा म्हणतात, एवढं काय त्यात, गंमत आहे. जूनमध्ये ग्रॅज्युएशनला सासू-सासरे यायचं म्हणताहेत, आणि ही म्हणते, मला तो समारंभच नको. मी काय करू? — एक आई

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या लेकीला बक्षीस मिळालेलं नाही. तिला हिणवायचं म्हणूनही बहुधा कुणी मत दिलेलं नाही. पण तिला लागलंय ते खरं आहे, आणि गुरुवारच्या आत करता येण्यासारखं बरंच आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या. भारतात शिकलेल्या आईबापांना अमेरिकी शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे एक लांबलचक स्नेहसंमेलन वाटतं, आणि त्यातलं सगळंच शाळेने दिलेलं वाटतं. तसं नसतं. होमकमिंग या शाळेच्या सोहळ्याचे आणि प्रॉम या नाचाच्या समारंभाचे राजा-राणी, इयरबुकातले ‘बेस्ट ड्रेस्ड’, ‘क्लास क्लाउन’, ‘मोस्ट लाइकली टू सक्सीड’ हे सगळे मुलांनी मुलांना मतं देऊन ठरवलेले किताब. त्यात शिक्षकांचं मत नसतं, प्रगतिपुस्तकावर नोंद नसते, कॉलेजला ते कुणी कळवत नाही. मे-जूनमधल्या अवॉर्ड्स नाइटला मिळतात ती विषयवार पारितोषिकं आणि शिष्यवृत्त्या वेगळ्या. त्या कामावर मिळतात, आणि बऱ्याचशा अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत. ग्रॅज्युएशन याहूनही निराळं. ठरलेले क्रेडिट आणि अटी पूर्ण केलेल्या सगळ्यांसाठी तो समारंभ असतो. तुमच्या घरात या आठवड्यात या तिन्ही गोष्टींचा एकच गोळा झालाय. पेढे पहिल्या गोष्टीचे वाटले गेले आणि राग तिसरीवर निघतोय.

आता मतदान कसं होतं ते पाहा. इयरबुकची विद्यार्थी-समिती एक ऑनलाइन फॉर्म काढते. पहिल्या फेरीत नावं सुचवायची, दुसऱ्या फेरीत वर आलेल्या तीन-चार नावांतून एक निवडायचं. किताब वीस-तीस, कधी चाळीसही. मुलं हा फॉर्म जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, पाचेक मिनिटांत भरतात. समजा वर्गात, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांत मिळून, चारशे मुलं आहेत आणि अडीचशेंनीच फॉर्म भरला. मतं चार नावांत विभागली, तर सत्तर-ऐंशी मतांवर निकाल लागतो. लोकप्रिय किताब गट करून जिंकले जातात. ‘क्वायटेस्ट’सारख्या किताबाला कुणी प्रचार करत नाही, तिथे जिचा चेहरा ओळखीचा आहे पण जिच्याशी आपण कधी बोललो नाही, तिचं नाव पडतं. म्हणजे ‘हिच्याशी आमचं बोलणं झालेलं नाही’ एवढंच ती मतं सांगतात. तिच्या जवळच्या मैत्रिणींनी ते मत दिलेलं नसणार.

तरीही मला हा किताब मुळीच पसंत नाही. ‘बेस्ट स्माइल’ मुलीने मिरवावं असं काहीतरी असतं. ‘अबोल’ हा मात्र तिच्यात काय कमी आहे ते सांगणारा शिक्का आहे. शिवाय अमेरिकेत भारतीय आणि एकूणच आशियाई मुलांकडे ‘हुशार, पण गप्प’ याच चष्म्यातून बघायची सवय जुनी आहे. सतरा वर्षांच्या मुलीला ते बरोबर कळतं, घरच्यांना सांगता येत नाही एवढंच. बऱ्याच शाळांनी असे किताब यादीतून काढून टाकलेत. तुमच्या शाळेनेही काढावेत असं समितीच्या सल्लागार शिक्षकांना पालक म्हणून जरूर लिहा. पण ते नंतर, हे प्रकरण निवळल्यावर, आणि लेकीला विचारूनच.

या आठवड्यात सर्वांत आधी तुमचा ग्रुपवरचा मेसेज. तो आज संध्याकाळपर्यंत निस्तरा. नुसता डिलीट केलात तर चौकशा सुरू होतील: काय झालं, बक्षीस परत घेतलं का? त्यापेक्षा सरळ लिहा: ‘परवा मी अवॉर्ड म्हणून लिहिलं ते शाळेचं बक्षीस नव्हतं, मुलांचं आपसातलं मतदान होतं. माझी समजूत चुकली. तिला याबद्दल कुणी विचारू नका, अभिनंदनही नको. तिचे कॉलेजचे अर्ज चालू आहेत, त्यासाठी शुभेच्छा द्या.’ पाठवण्याआधी लेकीला दाखवा. ती म्हणेल तो शब्द बदला. सासूबाईंना मात्र फोन करून सांगा. पेढे त्यांनी मायेने वाटलेत, ग्रुपवर त्यांना ओशाळं वाटायला नको.

मग तिच्याशी बोला, थोडकंच. ‘तुला न विचारता टाकलं, चुकलं माझं’ एवढं म्हणा आणि थांबा. ‘अगं पण घरी तर तुझी टकळी चालू असते’ हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळा. ते ऐकलं की तिला पुन्हा स्वतःच्या स्वभावाची सफाई देत बसावं लागतं. बाबांनाही सांगा की गंमत आहे की नाही हे जिचं नाव छापलं जाणार तिनेच ठरवायचं. त्यांच्या दृष्टीने हा एक फोटो आहे, पण इयरबुक वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी वर्षानुवर्षं राहतं.

गुरुवारी दांडी मारून काही साधणार नाही. गैरहजर राहिलं तरी नाव यादीतच राहतं. समिती फोटोसाठी दुसरा दिवस देते, नाहीतर आधी काढलेलं सीनिअर पोर्ट्रेट त्या किताबाखाली लावून मोकळी होते. नाव काढायचं असेल तर लेखी कळवावं लागतं, आणि ते तिनेच कळवावं. ईमेल इयरबुकच्या सल्लागार शिक्षकांना, तीन ओळींचं: माझी या किताबासाठी निवड झाली आहे, मला तो नको, माझं नाव आणि फोटो दोन्ही त्या पानावर घेऊ नका, पान छपाईला जाण्याआधी काढल्याचं कळवा. कारण द्यायची गरज नाही, माफीचीही नाही. शाळेच्या दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच ईमेल तिच्या कौन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, प्रत लावून पुन्हा पाठवायचं. तरीही हललं नाही तर तुम्ही फोन उचला, त्याआधी नको.

घाई एवढ्यासाठी की इयरबुक एकदम छापायला जात नाही. वसंतात हातात येणाऱ्या पुस्तकाची पानं हिवाळ्यातच टप्प्याटप्प्याने छपाई कंपनीकडे जातात, आणि प्रूफ मंजूर झालं की बदल एक तर होत नाही, नाहीतर त्याचे पैसे पडतात. पहिल्या टप्प्यात कोणती पानं जाणार हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, म्हणून तारीख विचारून घ्या.

तिने किताब ठेवायचं ठरवलं, तर तोही निर्णय चांगला असू शकतो, फक्त फोटो तिच्या अटींवर. या किताबाचा ठरलेला फोटो म्हणजे ओठांवर बोट, क्वचित तोंडावर चिकटपट्टी. चिकटपट्टीला सरळ नाही म्हणायचं. ऑडिटोरियमच्या स्टेजवर माइक हातात घेऊन, किंवा तिला जे वाद्य, जो खेळ, जी प्रयोगशाळा आवडते तिथे उभं राहून काढलेला फोटोही चालतो. फोटो काढणारी मुलंच असतात, आणि कल्पना घेऊन येणारा माणूस त्यांना हवाच असतो. तिला हे दोन्ही पर्याय सांगा आणि एक दिवस त्या विषयावर अवाक्षर काढू नका.

कॉलेजच्या अर्जावर याचा काडीचा परिणाम नाही. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, शैक्षणिक सन्मानांसाठी पाच जागा असतात, प्रत्येकीत जेमतेम शंभर अक्षरं. तिथे मतदानाचे किताब लिहायचेच नसतात. 1 नोव्हेंबरच्या अर्ली, म्हणजे लवकरच्या मुदतीच्या अर्जांची गडबड असेल तर तिचं डोकं त्यात राहू द्या.

तुमचा उत्साह मात्र वाया घालवू नका, तो दुसऱ्या गोष्टीकडे वळवा, म्हणजे जिथे अर्ज करावा लागतो तिथे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शाळेचं कौन्सेलिंग ऑफिस स्थानिक शिष्यवृत्त्यांची यादी लावतं: गावातलं रोटरी, पालक-शिक्षक संघटना, अग्निशमन दल, क्रेडिट युनियन, एखाद्या दिवंगत शिक्षकाच्या नावाचा निधी. रक्कम बहुतेक वेळा पाचशे-हजार डॉलरच्या घरातली, म्हणून मोठ्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांमागे लागलेली मुलं इकडे बघतही नाहीत. अर्जदार थोडे, निबंध एक पानाचा. त्या शांत मुलीला तिथे कुणापुढे मतं मागायची नसतात, आणि अवॉर्ड्स नाइटला नाव पुकारलं जातं ते तिने केलेल्या कामासाठी. शिफारसपत्र लागतं, शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांगायला लावा. पैसे मिळाले तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवावं लागतं. तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: या रकमेमुळे तुम्ही आधी कर्ज कमी कराल की तुमचं अनुदान? काही कॉलेजं अनुदान कापतात, आणि मग मुलीच्या हाती काहीच जास्त पडत नाही.

याच काळात टपालातून जाड कागदावरची ‘आपल्या कन्येची राष्ट्रीय सन्मानासाठी निवड झाली आहे’ अशी पत्रंही येतील. शेवटच्या परिच्छेदात नोंदणी-शुल्क किंवा पुस्तक विकत घ्यायची अट दिसली की कागद रद्दीत. ग्रुपवर अजिबात नको!

आणखी एक सन्मान आहे, ज्याची माहिती आपल्या घरांत पुरेशी नाही. सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या बारावीच्या मुलांना राज्यातर्फे मिळणारी मोहोर. न्यू जर्सीत त्याचा कायदा 2016 साली झाला. दुसऱ्या भाषेत ‘इंटरमीडिएट मिड’ ही पातळी गाठावी लागते, म्हणजे रोजच्या विषयांवर वाक्यं जुळवून बोलता-लिहिता यायला हवं. मराठीची परीक्षा देता येते. घरी मराठी बोलणारी मुलं बोलण्यात सहसा तरतात, अडतात लिहिण्यात. देवनागरीत टाइप करायचा सराव नसतो आणि जोडाक्षरांपाशी गाडी थांबते. महिनाभर रोज पंधरा मिनिटं फोनेटिक कीबोर्डवर आजीला चार ओळींचा मेसेज लिहिला तरी हात बसतो. शाळा या योजनेत आहे का आणि परीक्षा कधी, हे वर्ल्ड लँग्वेजच्या विभागप्रमुखांना याच महिन्यात विचारा. बऱ्याच शाळांत नावनोंदणी लवकर बंद होते. अर्थात, तिला हवं असेल तरच.

ग्रॅज्युएशन नको म्हणतेय ते आत्ता मनावर घेऊ नका, आणि तिच्याकडून ‘हो’ही वदवून घेऊ नका. कॅप आणि गाऊनची ऑर्डर हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला असते. ती देऊन ठेवा म्हणजे वाट मोकळी राहते. अंगठी, कोरीव आमंत्रणपत्रिका, जॅकेट हे कंपन्यांच्या माहितीपत्रकातलं सगळं ऐच्छिक आहे. न परत केलेलं लायब्ररीचं पुस्तक किंवा शाळेचा लॅपटॉप मात्र मे महिन्यातच शोधा, त्यावरून शेवटच्या आठवड्यात अडवणूक होते.

सासू-सासऱ्यांची तिकिटं इतक्यात पक्की करू नका. न्यू जर्सीत शाळेचे 180 दिवस भरावे लागतात. हिवाळ्यात बर्फामुळे सुट्ट्या झाल्या की शेवटचा दिवस पुढे सरकतो आणि बऱ्याचदा समारंभही. तारीख बदलता येईल अशी तिकिटं घ्या, किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन जुलैत परतायचं ठेवा. समारंभ सहसा फुटबॉलच्या मैदानावर असतो, आणि पावसाची सोय म्हणून जिममध्ये. त्यासाठी वेगळी तिकिटं असतात आणि ती कमी असतात; मैदानासाठी सहा मिळाली तर जिमसाठी कदाचित दोनच. त्या दोन खुर्च्यांवर कोण बसणार हे आधी घरात ठरवा. बाकीच्यांसाठी शाळेचं थेट प्रक्षेपण असतं का ते विचारा. मैदानावरची बाकं बिनपाठीची आणि उन्हात असतात; आजोबांसाठी लिफ्ट किंवा रॅम्पजवळची जागा कौन्सेलरला ईमेल करून आधी मागून घ्या.

प्रॉमला जोडीदार लागतो हा गैरसमज आहे, मैत्रिणींचा घोळका जातो. तिने गाडी चालवायची म्हटली तर लक्षात ठेवा, सतराव्या वर्षीच्या प्रोबेशनरी लायसन्सवर न्यू जर्सीत रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवता येत नाही. न्यायला-आणायला तुम्हीच जा. ग्रॅज्युएशनच्या रात्री बऱ्याच शाळांत ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ नावाची रात्रभराची, दारूविरहित, पालकांच्या देखरेखीखालची पार्टी असते. 1979 मध्ये मेन राज्यात समारंभाच्या दिवसांत मुलं अपघातांत गेली, त्यानंतर 1980 पासून ही प्रथा सुरू झाली. तिथे स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. तुम्ही नाव द्या, पण तिच्या वाटेला न येणारं काम घ्या, स्वयंपाकघरातलं किंवा पार्किंगचं.

आणि एक काम तिच्यासोबत बसून करा. मेच्या शेवटी मुलांना एक कार्ड किंवा फॉर्म देतात, ज्यावर नावाचा उच्चार लिहायचा असतो. स्टेजवर तोच वाचला जातो. आपली मुलं ‘चालेल, काहीही म्हणा’ म्हणून तो कोरा सोडतात. मग ‘ऋचा’चं ‘रूका’ होतं, आणि ‘ज्ञानदा’शी वाचणारा अडखळतो. कोरा सोडू देऊ नका. नाव तोडून, इंग्रजी वाचणाऱ्याच्या जिभेला सोपं पडेल असं लिहायचं: ऋचासाठी आधी ‘आर-ओ-ओ’, मग छोटी रेघ, मग ‘सी-एच-ए-एच’, खाली ‘सीएच हा चेअरमधला’ अशी एक टीप. आडनावाचंही तसंच. सरावाच्या दिवशी नावं वाचणाऱ्या शिक्षकांपुढे जाऊन तिने ते एकदा मोठ्याने म्हणून दाखवावं.

तुमची,
ताई