वाचकांचे प्रश्न : नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण

प्रश्न : मी ग्रीन कार्डावर कॅलिफोर्नियात मुलाकडे कायमची राहायला आले आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सर्व काही मी बरीच वर्षे केले आहे. आता सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे रुग्णांची रोजची शुश्रूषा करणारी प्रमाणित सहायक, व्हावे असे मनात आहे. दुसऱ्या राज्यातली मैत्रीण म्हणते, की तिथे हा वर्ग तीन आठवड्यांत उरकतो आणि मला तर नवे शिकण्यासारखे त्यात काहीच नाही. इथले वर्ग मात्र लांबलचक दिसतात. कमी दिवसांचा वर्ग शोधावा का? शिवाय माझे इंग्रजी वाचन सावकाश होते, त्याची धास्ती वाटते.

उत्तर : सासूबाईंच्या सेवेत आपण जे शिकलात त्याचे मोल मोठे आहे. आजारी माणसाच्या अंगाला हात लावण्याची भीती, मलमूत्राची किळस आणि रात्रीच्या जागरणाचा कंटाळा, ज्यांपायी अनेकजण हे काम अर्ध्यावर सोडतात, ते सर्व आपण केव्हाच मागे टाकले आहे. मात्र नवे काही शिकायचे नाही, हे मैत्रिणीचे म्हणणे मला मान्य नाही. घरात आपण मायेपोटी रुग्णाचे सगळे स्वतःच करून टाकतो. घास भरवतो, केस विंचरतो, बटणेही आपणच लावतो. प्रशिक्षणात नेमकी हीच सवय मोडावी लागते, कारण जे काम माणूस स्वतः करू शकतो ते त्याच्याकडून करून घेणे, त्याला कितीही वेळ लागला तरी थांबणे, हा या कामाचा गाभा आहे. न वापरलेला हात लवकर आखडतो आणि परावलंबनाने माणसाची उमेदही खचते.

सदरा घालण्याचे साधे उदाहरण घ्या. एका बाजूला अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीला सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा आणि मग धडधाकट; काढताना याच्या उलट, आधी धडधाकट हात मोकळा करायचा. त्याआधी दारावर टकटक करायची, आपले नाव सांगायचे, काय करणार आहोत ते समजावायचे, पडदा ओढायचा, दोन सदरे समोर धरून कोणता घालायचा हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्यायचे आणि निघताना मदतीला बोलावण्याचे कॉल बटण तिच्या हाताशी आहे ना, हे पाहायचे. प्रमाणपत्राच्या परीक्षेत परीक्षक यातली प्रत्येक पायरी पाहतो. खाटेवरून व्हीलचेअरवर बसवतानाही तसेच आहे. खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला लावणे, दोन्ही ब्रेक लावणे, पायांत न घसरणारी पादत्राणे घालणे आणि कमरेला पट्टा बांधून उठवणे, यांतले एक जरी चुकले तरी रुग्ण पडू शकतो आणि आपली पाठही कायमची दुखावू शकते. घरी आपण सासूबाईंना काखेत हात घालून उचलत असाल, तर ती पद्धत आता विसरावी लागेल, कारण तिने रुग्णाच्या खांद्याला इजा होते.

रुग्णाच्या मर्जीला एवढे महत्त्व देण्यामागे कायदा आहे. 1987 साली अमेरिकेत नर्सिंग होमच्या, म्हणजे वृद्ध व परावलंबी माणसांच्या निवासी शुश्रूषागृहांच्या, सुधारणेचा संघीय कायदा झाला. त्याने तिथे राहणाऱ्यांचे हक्क नोंदवले, केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधून ठेवण्यास मनाई केली आणि सहायकांना किमान 75 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यातले किमान 16 तास देखरेखीखालच्या प्रात्यक्षिकाचे असावे लागतात. राज्यांना ही मर्यादा वाढवता येते. टेक्सासात 100 तास लागतात, तर आपल्या कॅलिफोर्नियात 160. त्यांपैकी 60 तास वर्गातले आणि 100 तास रुग्णांसोबतचे. म्हणून मैत्रिणीच्या आणि आपल्या वर्गाची तुलना करू नये. माझे स्पष्ट मत असे, की आपल्याला लागणारे 100 तास हे ओझे नसून लाभ आहे. वर्ग निवडताना दिवस मोजण्यापेक्षा हे तास कुठे होतात, एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी असतात आणि वर्गाला राज्याची मान्यता आहे का, हे विचारावे.

परीक्षेचे दोन भाग असतात. एक ज्ञानाचा आणि दुसरा प्रत्यक्ष कौशल्यांचा. संघीय नियमानुसार पहिला भाग लेखी द्यायचा की तोंडी, हे उमेदवार ठरवतो. तोंडी परीक्षेत तयार मजकुरातून प्रश्न वाचून दाखवले जातात. त्यामुळे सावकाश वाचनाची धास्ती सोडा आणि ऐकण्या-बोलण्याचा सराव वाढवा. कौशल्यांच्या भागात हात धुण्यासारखी साधी गोष्टच अनेकांना भोवते. बोटांची टोके खाली ठेवून किमान 20 सेकंद साबण चोळायचा आणि धुतलेला हात नळाला किंवा सिंकला लागू द्यायचा नाही. नापास झाल्यास पुन्हा संधी मिळते. किमान तीन संधी देणे राज्यांवर बंधनकारक आहे.

प्रश्न : वर्गाची फी परवडत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीची) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची) या सरकारी आरोग्य योजनांशी संलग्न नर्सिंग होमने आपल्याला नोकरीवर घेतले असेल किंवा नोकरी देऊ केली असेल, तर प्रशिक्षणाचा, पुस्तकांचा वा परीक्षेचा खर्च आपल्याकडून घेता येत नाही. आपण स्वखर्चाने शिकलात आणि पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत अशा ठिकाणी रुजू झालात, तर नोकरी करत असताना तो खर्च हिश्शाहिश्शाने परत मिळण्याची तरतूद राज्याने करायची असते. यासाठी सर्व पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : प्रमाणपत्र घेऊन काही वर्षे घरीच राहिले तर चालेल का?

उत्तर : सलग 24 महिने पगारी शुश्रूषाकाम झाले नाही, तर प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते. घरातल्या माणसाची विनावेतन सेवा यात धरली जात नाही. पूर्णवेळ नोकरी शक्य नसेल, तर आठवड्यातून एखादी पाळी तरी घ्यावी आणि प्रमाणित सहायकांच्या राज्याच्या नोंदवहीतला आपला पत्ता अद्ययावत ठेवावा.