संकेतस्थळाचा मजकूर आणि एसईओ यांसाठी दोन वेगळी माणसे लागतात का?

छत्रपती संभाजीनगरातील आपल्या हिमरू शालींच्या दुकानासाठी मजकूर एकाने लिहावा आणि एसईओ (म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रात पान वर दिसावे यासाठीचे काम) नंतर दुसऱ्याने करावे का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण गिऱ्हाईक कोणत्या शब्दांनी शोधते हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरावे लागते. ते शब्द मागाहून मजकुरात पेरले की वाक्ये मोडतात. मी येथील लहान व्यावसायिकांची पाने लिहितो, त्यामुळे एक अडचण नेहमी समोर येते: शहराचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले, परंतु शोधताना अनेक जण अजूनही ‘औरंगाबाद हिमरू’ असेच टाइप करतात. अशा वेळी दोन्ही नावे एकेका नैसर्गिक वाक्यात यावीत, दहा वेळा नव्हे, कारण शोधशब्दांची अशी भरताड गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते. (कीवर्ड्सचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधील वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी, भरण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत, क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे.) पानाचे शीर्षक ‘आमची उत्पादने’ असे मोघम ठेवण्याऐवजी ‘सूत आणि रेशमाची हिमरू शाल, छत्रपती संभाजीनगर’ असे ठेवल्यास वाचक आणि शोधयंत्र या दोघांनाही पान कशाचे आहे ते कळते. मात्र पान मोबाइलवर रखडत उघडत असेल किंवा गूगलच्या नोंदीतच आले नसेल, तर ते काम लेखकाचे नाही. तिथे तांत्रिक जाणकारच लागतो.