पर्सनॅलिटी टेस्ट देऊन खरंच काही फायदा होतो का?

होतो की, पण रिझल्टचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून विषय संपवला तर नाही. ती चार अक्षरांची, १६ टाइपवाली टेस्ट (एमबीटीआय) टाइमपासला ठीक आहे, पण तिच्यात माणूस एकतर इकडचा नाहीतर तिकडचा, म्हणजे एकतर अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख, आणि आपल्यातले बरेच जण मधलेच असतात ओ, म्हणून महिन्याभराने परत दिली की एखादं अक्षर बदललेलं असतं. त्यापेक्षा बिग फाइव्ह द्या, म्हणजे शिस्त, मोकळेपणा अशा पाच गुणांवर कमी-जास्त स्कोअर देणारी टेस्ट, १२० प्रश्नांची ऑनलाइन फुकट मिळते.

उत्तरं देताना आपण कसं असायला पाहिजे ते नको, गेल्या महिन्यात काय केलं ते आठवा. आणि रिझल्ट वाचून "अरे, हा तर मीच" वाटलं की जरा थांबा. १९४८ मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने टेस्टचा रिझल्ट म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन वाटलं होतं, तरी ते आपल्याला किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले!

म्हणून रिझल्ट घरच्यांना दाखवा. आमच्या भावाचं नवी पेठेत चादरीचं दुकान आहे, त्याचा शिस्तीचा स्कोअर कमी आला, तर हा टेस्टवरच चिडला. वहिनीने गुपचूप उधारीची वही पुढे ठेवली, निम्म्या नोंदींना तारीखच नाही. आता वही वहिनीकडे, गिऱ्हाईक भावाकडे.