बोटीत एकटा आणि वारा वाढला तर?

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे १४ फुटी शिडाची बोट आहे, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) दोन्ही. नेहमी मित्र असतो, तो जिब सांभाळतो, मी टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा). मागच्या रविवारी एकटाच गेलो. जाताना वारा पाठीमागून, एकदम मजेत. परत फिरलो आणि वाटच लागली, बोट एका अंगावर, पाणी आत, मी मेनसेलची शीट (शीड ओढून धरायची दोरी) जिवाच्या आकांताने ओढून धरली तर अजूनच कलली. कसाबसा आलो. नक्की चुकलं कुठे?

उत्तर : चुकलं ते परत फिरायच्या आधीच. पाठीमागून वारा असला की तो लागतच नाही हो. समजा वारा १८ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) आणि बोट ५ नॉटने त्याच दिशेने पळतेय, तर तुमच्या मानेला १३च जाणवणार. वळून वाऱ्याकडे तोंड करून ४ नॉटने निघालात की तेच २१ होतात, आणि जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा रेटा एकदम अडीच पट. वारा वाढला नव्हता कदाचित, तुम्ही फक्त वळलात! त्यात पुढे बघताना लाटांच्या पाठी दिसतात, पांढरा फेस कमी दिसतो. म्हणून जाताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचं.

आता शीट. बोट कलली की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, बसमध्ये दांडा धरतो तसं, पण इथे तो दांडा म्हणजेच अ‍ॅक्सिलरेटर आहे. झोत आला की शीट ढिली करा, त्याच वेळी नाक जरासं वाऱ्याकडे जाऊ द्या, शिडाची पुढची कड फडफडली तरी चालेल. एकटे असताना आणि वारा जोरात असताना मेनसेलची शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवून ठेवायची नाही, कितीही हात दुखला तरी.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. मित्र नसतो तेव्हा त्याचं वजन नसतं हे तर झालंच, त्याहून मोठी अडचण म्हणजे तिसरा हात नसतो. शीड कमी करायचंय, पाणी उपसायचंय, जॅकेटचा पट्टा आवळायचाय, आणि टिलर सोडला की बोट भलतीकडेच. म्हणून एकट्याने निघणाऱ्याने पळवायच्या आधी बोट उभी करायला शिकावं, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण हो हो म्हणून विसरतो. करायचं असं : जिबची शीट न सोडता टॅक मारायचा, म्हणजे नाक वाऱ्यातून नेत बोट दुसऱ्या अंगाला वळवायची. जिब उलट्या बाजूने वारा घेते आणि नाक वाऱ्यापासून दूर ढकलते. मग मेनसेल ढिलं सोडा आणि टिलर वारा जातो त्या बाजूला ढकलून रबरी दोरीने बांधून टाका, सुकाणू नाक परत वाऱ्याकडे आणतं. दोघांची ओढाताण चालू राहते आणि बोट जवळपास जागच्या जागी, हळूहळू वाऱ्यासोबत वाहत राहते. अचानक सगळं शांत वाटतं, खरंच. आता दोन्ही हात मोकळे, रीफ घ्या, म्हणजे मेनसेल थोडं उतरवून खालचा भाग बांधून टाका. फक्त वारा जातो त्या बाजूला भरपूर मोकळं पाणी हवं, खडक जवळ असतील तर आधी टॅक मारत लांब या. ८-१० नॉटच्या वाऱ्यात चार-पाच वेळा करून बघा, कारण प्रत्येक बोट जरा वेगळी वागते.

रीफ घ्यावी का हा प्रश्न डोक्यात आला म्हणजे घ्यायची वेळ झालीच. एकटे असाल तर किनाऱ्यावरूनच घेऊन निघा, नंतर रीफ सोडणं सोपं असतं.

आणि वारा पाठीमागून असताना दिशा बदलायची तर जोराच्या वाऱ्यात जाइब (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून नेत वळणं) टाळा, बूम (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) डोक्यावरून असा सुटतो की वाकायला वेळ मिळत नाही. उलट्या बाजूने पूर्ण गोल फिरून टॅक करा, लांब पडतं, दिसायलाही काही शूर दिसत नाही, पण डोकं शाबूत राहतं.

प्रश्न : उलटलीच तर पोहत किनारा गाठावा का? मला पोहता चांगलं येतं.

उत्तर : नाही. किनारा वाटतो त्यापेक्षा लांब असतो, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा उलटलेली बोट लवकर दिसते. बोट सोडू नका, सेंटरबोर्डकडे (बोटीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीकडे) जाताना एक दोर हातात ठेवूनच जा, नाहीतर वारा तिला तुमच्यापेक्षा वेगात घेऊन जाईल. उचलायच्या आधी दोन्ही शीटा क्लीटमधून काढल्यात ना ते बघा. जमलं तर नाक वाऱ्याकडे फिरवून घ्या, नाहीतर उभी राहिल्या राहिल्या दुसऱ्या अंगावर पडते. दोनदा प्रयत्न करून नाही उठली तर दमेपर्यंत झटापट करू नका, तिच्यावर चढून बसा आणि शिट्टी वाजवा. शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी, डब्यात ठेवलेली नाही.