मेरीचं माहेर

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

जावईबापूंच्या घरच्या वंशावळीत तू जिथे अडकली आहेस, तिथे अमेरिकेच्या मिडवेस्टमधली, म्हणजे आयोवा, ओहायोसारख्या मध्य-पश्चिम राज्यांतली, जवळजवळ प्रत्येक वंशावळ अडकते. पुरुष सापडतो, त्याचं शेत सापडतं, पलटण सापडते. बायको मात्र नुसती ‘मेरी’, माहेरचं आडनाव कुठेच नाही. १८६० च्या खानेसुमारीत ती आयोवातल्या शेतावर आहे, वय २९, जन्म ओहायो, पदरी तीन मुलं. नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात मारला गेला आणि १८७० मध्ये ती कुठेच नाही. ‘बहुधा वारली असावी,’ असं तू लिहितेस. मला तसं वाटत नाही. शेत आणि लहान मुलं पदरात असलेली तरुण विधवा त्या काळी बरेचदा थोड्याच वर्षांत पुन्हा लग्न करायची. ती बाई जिवंतच असते, फक्त आडनाव बदलल्यामुळे आपल्या हातून निसटते. तेव्हा मेरीला मृत ठरवण्याआधी तिचं दुसरं आडनाव शोध.

तू आतापर्यंत नावावरून शोधत आलीस, ते थोडे दिवस बाजूला ठेव. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या एकाखाली एक उतरवलेल्या सापडतात. इथे तशी वही कोणी ठेवली नाही. इथला प्रत्येक कागद कोणाच्या तरी व्यवहारासाठी झाला: कर गोळा करायला, जमीन विकायला, कर्ज वसूल करायला, पेन्शन द्यायला. वारसांची सोय त्यात कोणाच्याच मनात नव्हती. म्हणून कागद हातात आला की आधी विचार, हा कोणाला हवा होता आणि त्याला नेमकं काय सिद्ध करून घ्यायचं होतं? बाईचं माहेर कधी उघड होतं, तर ते सिद्ध केल्याशिवाय पैसे किंवा जमीन मिळत नव्हती तेव्हा.

म्हणून पहिला कागद पेन्शनचा. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने युद्धात मेलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. त्यासाठी तिला लग्न सिद्ध करावं लागे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदवहीतला दाखला, तो नसेल तर लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं, मुलांच्या जन्माच्या वेळी घरात असलेल्या सुईणीची किंवा शेजारणीची साक्ष. काही बायकांनी तर घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांच्या नोंदींची पानंच फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती पानं आजही नॅशनल आर्काइव्हजच्या फायलींत आहेत. विधवेने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबे आणि १६ वर्षांखालच्या मुलांच्या नावे सुरू होऊ शके. मग मुलांचा पालक अर्ज करी, आणि त्या अर्जात आईचं दुसरं लग्न कधी, कोणाशी झालं ते लिहावं लागे. पेन्शनच्या सूचीची कार्डं ऑनलाइन बघता येतात. नवऱ्याच्या कार्डावर विधवेच्या रकान्याखाली अल्पवयीन मुलांचाही क्रमांक दिसला, तर मेरीने पुन्हा लग्न केलं असण्याची शक्यता फार मोठी. कार्डावरचे सगळे क्रमांक उतरवून घे आणि पूर्ण फाइल मागव. निवडक पानांवर समाधान मानू नकोस. माहेरचं नाव बहुतेक वेळा एखाद्या साक्षीदाराच्या कंटाळवाण्या प्रतिज्ञापत्रात दडलेलं असतं. ‘मी तिचा भाऊ, मला तिचं लग्न आठवतं,’ एवढं एक वाक्य पुरतं.

नवरा युद्धातून जिवंत परतला असता, तर मी तुला १८९८ चं छापील पत्रक शोधायला सांगितलं असतं. त्या वर्षी पेन्शन खात्याने शिपायांना पत्रकं पाठवून बायकोचं माहेरचं नाव, लग्नाची तारीख आणि जागा, आधीचं लग्न आणि मुलांच्या जन्मतारखा विचारल्या होत्या. मेरीचा दुसरा नवराही युद्धात लढलेला असेल, तर हे पत्रक तुला त्याच्या फाइलीत मिळू शकेल. ही शक्यता विसरू नकोस.

फाइल येईपर्यंत काउंटीच्या कचेरीतली दोन कामं करून घे. एक, विवाहांची नोंदवही. त्यात मेरीला मेलेल्या नवऱ्याच्या आडनावाखाली शोध, कारण दुसऱ्या लग्नाच्या वेळी ती त्याच नावाची होती. दुसरं, वारसा आणि पालकत्वाची प्रकरणं. बाप वारला आणि त्याच्या नावावर जमीन असली, तर आई घरात असतानाही कोर्ट मुलांच्या वाट्यासाठी पालक नेमायचं आणि पालकाला जामीनदार द्यावे लागायचे. जामीनदार कोण आहे ते नीट बघ. दुसऱ्याच्या जबाबदारीसाठी स्वतःची मालमत्ता अडकवणारा माणूस बहुधा घरचाच असतो: काका, मामा, आजोबा. त्यांची आडनावं वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेव. त्यांतलं एखादं मेरीच्या माहेरचं असायची फार शक्यता आहे.

आता खानेसुमारीबद्दल. तू १८५० पासूनची सगळी पानं काढलीस हे छान केलंस, पण ती वाचताना घाई झाली आहे. १८५० च्या आधी फक्त घरप्रमुखाचं नाव लिहिलं जाई, बाकीची माणसं वयाच्या रकान्यातले आकडे. १८५० ला प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं, पण नातं आलं ते १८८० ला. म्हणजे १८६० च्या पानावर मेरीच्या खाली तीन मुलं आहेत म्हणून ती तिचीच, असं तो कागद म्हणत नाही. तिघांच्या जन्मस्थळांकडे पुन्हा बघ. थोरला ओहायोत, मधली इंडियानात, धाकटा आयोवात. त्या एका पानात कुटुंबाचा सगळा प्रवास आहे. त्याला १८५६ च्या आयोवाच्या राज्य खानेसुमारीची जोड दे; राज्यात येऊन किती वर्षं झाली, हे तिथे विचारलं होतं. थोरल्याच्या वयावरून लग्न १८५० च्या आसपास ओहायोत झालं असावं. १८५० च्या पत्रकात ‘याच वर्षी लग्न झालं’ असाही एक रकाना आहे, तो तपास.

वयं जुळत नाहीत म्हणून घाबरू नकोस. उत्तर कोणी दिलं, हे १९४० पूर्वीच्या पत्रकांत लिहिलेलं नसतं. घरधनी शेतावर असेल तर मोठ्या मुलाने सांगितलं, नाहीतर शेजाऱ्याने. दोन-तीन वर्षांचा फरक मी सहज सोडून देते. जन्माचं राज्य मात्र बदललं तर थांबून विचार करते.

१८७० साठी आडनावाचा रकाना रिकामा सोड. मुलांची पहिली नावं, वयं आणि जन्माची राज्यं टाकून त्याच काउंटीत आणि शेजारच्या काउंट्यांत शोध. लिहिणारा गणक पुष्कळदा घरातल्या सगळ्यांना नव्या बापाचंच आडनाव लावून मोकळा होई. १८८० मध्ये तीच मुलं ‘सावत्र मुलगा’ म्हणून सापडली तर काम झालं. १९०० ला आईला दोन प्रश्न विचारले होते, किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. या उत्तरापेक्षा घरात जास्त मुलं वाढलेली दिसली, तर त्यांतली काही तिच्या पोटची नाहीत. किती घरांचा गुंता या एका आकड्याने सुटला आहे! १८९० ची पत्रकं मात्र शोधत बसू नकोस. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये आग लागली, त्यात ती जळाली आणि भिजली, आणि उरलेली पुढे सरकारनेच नष्ट केली. आयोवापुरतं १८८५ आणि १८९५ च्या राज्य खानेसुमारीने ते भोक बरंचसं बुजतं. आणि आयोवाची १९२५ ची खानेसुमारी तर सोनं आहे. तिच्यात प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं विचारली होती, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. मेरीचा धाकटा तेव्हा साठी उलटलेला असेल. तो हयात असेल तर त्याने स्वतः सांगितलेलं आजोळचं नाव तिथे असेल. हे पान आजच काढ.

आता जमीन. आयोवात फुकटच्या १६० एकरांचा १८६२ चा होमस्टेड कायदा येईपर्यंत चांगली जमीन बहुतेक विकली गेली होती. त्यामुळे पणजोबांची, म्हणजे मेरीच्या नवऱ्याची, सनद (सरकारने जमीन दिल्याचा मूळ दस्त) रोखीने घेतलेली किंवा सैनिकी वॉरंटवर, म्हणजे लष्करी सेवेबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या हक्कपत्रावर, मिळालेली असेल. ही वॉरंटं विकता येत. म्हणून सनदेवर आधी एखाद्या अनोळखी शिपायाचं नाव आणि मग तुमच्या माणसाचं दिसलं, तर त्या शिपायाला नातेवाईक समजू नकोस. सनदेपेक्षा तुझ्या कामाची आहेत ती काउंटीतली खरेदीखतं. मेरीचा बाप ओहायोत वारला असेल आणि त्याचं शेत वारसांनी मिळून विकलं असेल, तर त्या खतावर सगळ्या भावंडांची नावं असतील, आणि बहिणींची त्यांच्या नवऱ्यांसकट: ‘मेरी आणि तिचा नवरा, राहणार आयोवा.’ मिडवेस्टमध्ये मला याहून लाडका कागद नाही. तो विकणाऱ्यांच्या सूचीत सापडतो. लोक सवयीने घेणाऱ्यांच्या सूचीत बघतात आणि रिकाम्या हाताने परततात.

ओहायोत कुठे शोधायचं? आयोवाच्या १८६० च्या त्याच पानावर आणि पुढच्या-मागच्या चार-पाच पानांवर ओहायोत जन्मलेली जेवढी कुटुंबं आहेत, त्या सगळ्यांचा माग काढ. माणसं एकटी येत नव्हती. भावकी, व्याही, एका चर्चची मंडळी मिळून यायची. त्यांतल्या दोघा-तिघांचे ओहायोतले पत्ते एकाच काउंटीत निघाले, की मेरीचं माहेरही तिथेच आसपास. काउंट्यांच्या हद्दी तेवढ्या सांभाळ. ओहायोतली नोबल काउंटी १८५१ मध्ये चार जुन्या काउंट्यांचे तुकडे जोडून झाली. मेरीचा जन्म आजच्या नोबलमध्ये झाला असला, तरी १८३१ चे कागद मनरो, मॉर्गन, वॉशिंग्टन नाहीतर गर्न्सीच्या कचेरीत असतील. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने सगळ्या काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशा तयार केला आहे, तो उघडून ठेवूनच शोधायला बस.

तिच्या जन्माचा सरकारी दाखला शोधू नकोस. ओहायोत काउंट्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी नियमाने ठेवायला १८६७ मध्ये सुरुवात केली. विवाह मात्र काउंटी झाल्यापासून नोंदले आहेत, आणि वधू १८ वर्षांखालची असेल तर बापाची संमती लागे. १८८० च्या दशकातल्या जाडजूड काउंटी-इतिहासांवर मी फार वेळ घालवत नाही. त्यांतली चरित्रं बरेचदा पैसे भरणाऱ्या घरांनी स्वतःच सांगितली आहेत. ऑनलाइन वंशवृक्षांचंही तेच: बारा झाडांत एकच नाव दिसलं, तरी ते बहुधा एकाच झाडावरून उतरवलेलं असतं.

एक गोष्ट मला तुला मनापासून सांगायची आहे. पणजोबांच्या सनदेवर ‘पहिला मालक’ असं लिहून तू रेघ मारली आहेस. ती पुसून टाक. पूर्व आयोवातली ती जमीन १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून तहाने काढून घेतली, आणि १८३३ च्या जूनमध्ये गोऱ्या वसाहतीसाठी खुली केली. मेस्क्वाकी परतले, १८५७ मध्ये त्यांनी टामा काउंटीत ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली, आणि ते आजही तिथे राहतात. माझ्या नातीसाठी तू हे सगळं लिहिते आहेस. तिच्या हाती जाईल त्या वहीत सनदेच्या वरच्या ओळीत हेही असू दे.

प्रत्येक नोंदीपुढे कचेरी, पुस्तक आणि पान लिहीत जा. जिथे शोधून काही मिळालं नाही, तेही लिही, नाहीतर दोन वर्षांनी तीच वही पुन्हा चाळशील. इंडियानातल्या फोर्ट वेनच्या अॅलन काउंटी ग्रंथालयात वंशावळींचा विभाग फार मोठा आहे. तू सुट्टीत आलीस की आपण दोघी मिळून तिथे ओहायोच्या सूची बघू. त्याआधी मला एवढं कळव: १९२५ च्या पानावर धाकट्याने आजोळचं आडनाव काय सांगितलं, आणि पेन्शनच्या कार्डावर मुलांचा क्रमांक आहे का. दोन्हींपैकी एक जरी हाती आलं, तरी मी नोबल आणि तिच्या शेजारच्या काउंट्यांतल्या विकणाऱ्यांच्या सूचीला हात घालते.

जावईबापूंना आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी