देव परफेक्ट, मग आपण असे कच्चे का?

पोरी,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा पिताना वाचला. नाईटला होतीस ना, कळलंच मला, असले प्रश्न दिवसपाळीत पडत नाहीत, तेव्हा डोकं वर काढायला वेळ नसतो. "मॅडम, देव जर परिपूर्ण आहे तर त्याने अपूर्ण माणसं बनवलीच कशाला" असं एका दमात लिहिलंयस आणि खाली फक्त, तीन नंबरच्या बाळाच्या हृदयाला भोक आहे. मोबाईलवर उत्तर टाईप करायला घेतलं, तीनदा खोडलं, म्हणून आता निवांत बसून लिहितेय.

आधी एक सांगू का, हे दोन प्रश्न आहेत. आपण अपूर्ण का, हा एक. आणि त्या लेकराला त्रास का, हा दुसरा. मी कित्येक वर्षं दोन्हीची खिचडी करून बसले होते आणि मग ना हे धड ना ते. पहिल्याला थोडंफार उत्तर आहे माझ्याकडे. दुसऱ्याला नाहीये, आत्ताच सांगून ठेवते, शेवटी कुठेतरी सापडेल म्हणून वाट बघू नकोस.

भोकावरूनच सुरुवात करू. पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाला भोक असतंच, फोरामेन ओव्हॅले, मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि मागच्या बाकावर तुम्ही खुशाल झोपला होतात. फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात, ऑक्सिजन आईच्या वारेतून येतो, म्हणून रक्त त्या भोकातून परस्पर डावीकडे जातं. ते नसेल तर बाळाचं अवघड. आणि बाहेर येऊन पहिला टाहो फोडला की प्रेशर बदलतं आणि झडप मिटते. साधारण चारातल्या एका माणसाची तर पूर्ण मिटतच नाही, तो आयुष्यभर तशीच शेती करतो, नातवंडं खेळवतो, पत्ताही नसतो. तुझ्या बाळाचं भोक वेगळं आहे, खालच्या कप्प्यांमधलं, मला माहितीये. मी एवढंच म्हणतेय की 'अपूर्ण' हा शिक्का मारताना आपण कुठल्या दिवशी बघतोय ते बघावं लागतं.

मी नवीन होते तेव्हा एका मिशनच्या दवाखान्यात काम केलं, तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने मला दुसऱ्या शतकातल्या एका बिशपबद्दल सांगितलं होतं, आयरेनियस नावाचा, फ्रान्समधल्या लियोंचा. त्याने अगदी तुझाच प्रश्न घेतलाय, देवाने माणूस पहिल्या दिवसापासूनच पूर्ण का नाही केला? आणि त्याचं उत्तर म्हणजे आपल्या वॉर्डातलंच वाटावं. आई तान्ह्याला जेवण देऊ शकते हो, पण तान्ह्याला ते घेता येत नाही. कमतरता देणाऱ्यात नाही, घेणारा अजून लहान आहे. वासरू बघ, जन्मल्यावर तासा-दोन तासात उभं राहतं. आपलं पोर वर्षभर दुसऱ्याच्या कडेवर. आणि त्या वर्षभरातच ते हसायला शिकतं, माणसं ओळखायला लागतं, आईची भाषा उचलतं. उभं राहूनच जन्मलं असतं तर कडेवर कोणी घेतलं असतं?

पण तू हुशार आहेस, तू म्हणशील देवाला काय अशक्य, पहिल्याच दिवशी जेवता येईल असं बाळ करायचं की. बरोबर. तिथे मला आपला नामदेव आठवतो.

गोरोबाकाकांच्या घरी सगळे संत जमलेत, मुक्ताबाई विचारते काका हे थापटणं कशाचं, ते म्हणतात याने मडकं कच्चं का पक्कं ते कळतं, आणि मुक्ताई म्हणते मग आमचीही बघा की. सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं बसलं, सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडला. गोरोबाकाका म्हणाले, हे मडकं कच्चं! आता हा नामदेव कोण, तर ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल प्रत्यक्ष जेवला तो. गेला रडत देवळात तक्रार घेऊन. तू फक्त पुढचा भाग बघ. विठ्ठलाने डोक्यावर हात ठेवला असता तर जागच्या जागी भाजून निघाला असता की! तसं नाही केलं. विसोबा खेचरांकडे जा म्हणाला, औंढ्या नागनाथाला. ही कथा लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले, पण देवाने स्वतःचं काम दुसऱ्या माणसावर का ढकललं हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं, ते पण तुमच्यासारख्या पोरी शिकवता शिकवता. मी तुमच्या हातात हात घालून इंजेक्शन देऊ शकत होते, पण मग ते इंजेक्शन माझंच राहिलं असतं. पक्कं होणं हे आयतं मिळालं की ते आपलं नसतंच, त्याला कोणीतरी टपली मारणारा लागतो, कोणीतरी चिडणारा लागतो, मधे पायपीट लागते. आणि हाच नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेला, गुरु ग्रंथसाहिबात त्याची 61 पदं आहेत. जन्मतःच पक्का असता तर पंढरपूर सोडून कशाला गेला असता?

तुकोबा तर याच्याही पुढे जाऊन देवालाच सुनावतात. आम्ही आहोत म्हणून तुला देवपण, नाहीतर निराकारात एकटा बसला असतास, कोण विचारत होतं तुला. अंधाराने दिव्याला शोभा आणली आणि रोगामुळे धन्वंतरी उजेडात आला, असं चक्क म्हणतात. दवाखान्यात वाचलं तर हसूही येतं आणि काटाही येतो.

शास्त्रातलं पण सांगते, थोडक्यात. ब्रह्मसूत्रात शंका घेतलीय की ज्याला काहीच कमी नाही तो जग निर्माण करेलच कशाला, आणि उत्तर दिलंय लीला, म्हणजे सहज खेळ. शंकराचार्य त्यावर दोन दाखले देतात, एक सगळं असूनही खेळणाऱ्या राजाचा आणि एक श्वासाचा. राजाचा मला अजिबात पटत नाही, राजाचा खेळ होतो आणि प्रजेचा जीव जातो. श्वासाचा आवडतो. काहीतरी मिळवायचं म्हणून आपण श्वास घेत नाही, आत जीव आहे म्हणून तो चालतो. लगेच पुढच्या सूत्रात देव पक्षपाती आणि निर्दयी ठरतो त्याचं काय, हाही आक्षेप घेतलाय, म्हणजे लपवाछपवी नाही. तिथे उत्तर कर्माचं आहे, पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात उगवायचा का जव ते बियाणावर. तर्क म्हणून ठीक. पण पोरी, हे बेडशेजारी बोलायचं नाही. कधीच नाही. एकदा एका बाईला तिच्याच नात्यातल्या कोणीतरी, बाळ काचेच्या पेटीत असताना, मागच्या जन्मीचं असेल काही, असं म्हटलेलं मी ऐकलंय. ती बाई त्यानंतर दोन दिवस बाळाला हात लावायला घाबरत होती. मी त्या माणसाला वॉर्डाबाहेर काढलं आणि नंतर माझ्यावर तक्रार झाली, होऊ दे.

आता तो दुसरा प्रश्न. तुकोबांचं वर सांगितलं ते वाचून वाटेल की सुखात बसून बोलतोय माणूस. त्यांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. त्याचं कारण वगैरे ते सांगत बसत नाहीत. भांडतात विठ्ठलाशी, कर्कश भांडतात, पण बोलणं तोडत नाहीत. मला जमतं ते एवढंच. 1991 साली एक मोठी ट्रायल छापून आली होती, ज्या बायकांचं आधीचं बाळ मणक्याचा किंवा मेंदूचा दोष घेऊन आलं होतं त्यांना पुढच्या खेपेला आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर तो दोष जवळपास तीन चतुर्थांशाने कमी झाला. साधी गोळी. ती हाती यायच्या आधी जी बाळं गेली त्यांचं काय, हे मी अजून विठ्ठलाला विचारते, एकादशीला तर हमखास. देवाची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाहीये मी, त्याची बाजू घ्यायला तो समर्थ आहे.

तू त्या आईला काय सांगायचं म्हणून विचारलं नाहीयेस, पण विचारायचं होतं ते दिसतंय. काही सांगू नकोस. खुर्ची दे बसायला, हात धुवायला लाव, आणि बाळाचा पाय तिच्या हातात दे, नळ्या कुठून गेल्यात ते दाखवून, म्हणजे ती घाबरणार नाही. डॉक्टरांनी अजून थांबून बघू म्हटलं असेल तर ते का म्हटलंय ते तिला साध्या भाषेत परत एकदा सांग, बारीक भोकं पुष्कळदा आपली आपण बुजतात हे तिला कोणी नीट सांगितलेलं नसतं, पण तिच्या बाळाचं बुजेलच असं वचन मात्र देऊ नकोस. आणि तू स्वतः जेवून ड्युटीवर जा, नुसत्या बिस्किटांवर नाईट काढतेस ते मला कळतं.

रविवारी फोन कर. बाळाचं वजन किती झालं ते सांग, मागच्या वेळी 1 किलो 900 म्हणाली होतीस.

तुझी मॅडम